मनाचा वैद्य आणि परका रोगी

मोडलेलें हाड बसविणाऱ्या वैद्याला रोग्याची भाषा येत नसली, तरी त्याचें फारसें अडत नाहीं. हाड काशीच्या माणसाचें असो कीं कैरोच्या माणसाचें असो, तें एकाच रीतीनें मोडतें आणि एकाच रीतीनें सांधतें. मनाच्या वैद्याची गोष्ट निराळी आहे. रोग्याशीं बोलणें, त्याचें बोलणें ऐकणें, त्याला चार माणसांत बसविणें, त्याच्या हाताला काम देणें, हीं त्याचीं मुख्य साधनें. आणि यांतील प्रत्येक साधन कोठल्या तरी एका घरांत, एका गांवांत, एका धर्मांत घडलेलें असतें. बोलणें म्हटलें कीं भाषा आली, चार माणसें म्हटलीं कीं नातेंगोतें आलें, काम म्हटलें कीं तें पुरुषांचें कीं बायकांचें हा प्रश्न आला, आणि सण म्हटला कीं देव आला.

मग वैद्य एका मुलखाचा आणि रोगी दुसऱ्या मुलखाचा असला, तर उपचार व्हावा कसा? या प्रश्नाचीं दोन सोपीं उत्तरें आहेत. पहिलें असें, कीं माणूस येथूनतेथून सारखाच. जो उपाय एकाला लागू पडला, तो दुसऱ्यालाही पडलाच पाहिजे. दुसरें असें, कीं त्या परक्या लोकांचें मनच हलक्या मातीचें. तेथें उपायाला जागाच नाहीं. पहिलें उत्तर उदार दिसतें आणि दुसरें उघड उघड अनुदार आहे. परंतु रोग्याच्या पदरीं दोहोंपासून सारखीच निराशा येऊं शकते. ही गोष्ट एका डॉक्टरांना १९५३-५४ सालीं उत्तर आफ्रिकेंतील अल्जेरिया देशांत स्वतः ठेंच खाऊन कळली. ती ठेंच त्यांनीं झांकून ठेवली नाहीं, छापून प्रसिद्ध केली. म्हणूनच आज ती सांगतां येते.

फ्रान्झ फॅनन हें नांव राजकारणाच्या अभ्यासकांना परिचयाचें आहे. वसाहतींच्या स्वातंत्र्याचे कडवे पुरस्कर्ते म्हणून त्यांची कीर्ति जगभर झाली, आणि त्यांच्या राजकीय मतांवर वादही पुष्कळ झाले. परंतु ते पेशानें मनोविकारांचे डॉक्टर होते आणि अखेरपर्यंत तेच राहिले, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. येथें प्रसंग आहे तो त्या डॉक्टरांचा.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजीं कॅरिबियन समुद्रांतील मार्तिनिक या बेटावर झाला. बेट फ्रेंचांच्या अमलाखालचें. तेथील कृष्णवर्णी प्रजा पूर्वींच्या गुलामांच्या वंशांतली. शाळेंत मात्र त्या काळ्या मुलांकडून, आमचे पूर्वज गॉल लोक, असें म्हणवून घेत. दुसऱ्या महायुद्धांत हा तरुण फ्रान्सच्या बाजूनें लढला, जखमी झाला, आणि शौर्याबद्दल पदक मिळवून परतला. पुढें लिऑन शहरीं त्यांनीं वैद्यकाचें शिक्षण घेतलें. ज्या देशासाठीं रक्त सांडलें, त्याच देशाच्या रस्त्यांत आपल्या कातडीकडे पाहून लहान मूल भिऊन आईला बिलगतें, हा अनुभव त्यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकांत लिहून ठेवला आहे. परकेपणा म्हणजे काय, हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नव्हतें.

त्याच वर्षीं त्यांनीं एका फ्रेंच मासिकांत एक लेख लिहिला. त्या काळीं फ्रान्सच्या कारखान्यांत उत्तर आफ्रिकेंतून आलेले हजारों मजूर काम करीत. असा एखादा मजूर इस्पितळांत येई आणि दुखतें म्हणून सांगे. कोठें दुखतें, म्हणून विचारावें, तर तो पोट दाखवी, मग पाठ, मग डोकें, मग सारें अंग. डॉक्टर तपासून पाहत. शरीरांत बिघाड कांहीं सांपडत नसे. मग निदान ठरलेलें असे, कीं हा मनुष्य आळशी आहे, लबाड आहे, काम चुकविण्यासाठीं सोंग करतो आहे. फॅनन यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं हा मनुष्य कोणाच्या संगतींत जेवतो, रात्रीं कोणाशीं बोलतो, त्याची बायको कोठें आहे, त्याला या शहरांत ओळखणारें कोण आहे, याची चौकशी कोणीं केली काय? जो मनुष्य सर्व बाजूंनीं तुटलेला आहे, त्याचें सारें अंग दुखलें तर त्यांत नवल तें कोणतें?

हा प्रश्न आपल्याला अगदींच दूरचा वाटूं नये. कोंकणांतल्या खेड्यांतून मुलाकडे मुंबईस आलेली म्हातारी डॉक्टरांपुढें बसते, तेव्हां आपल्याला अमुक मनोविकार झाला आहे असें ती सांगत नाहीं. जिवाची घालमेल होते, अंगांत कणकण आहे, छातींत धडधडतें, अन्नावर वासना नाहीं, असें ती सांगते. रक्ताची आणि मूत्राची तपासणी निर्दोष निघाली, कीं घरचीं सुशिक्षित माणसें म्हणतात, कांहीं झालेलें नाहीं, उगीच आपलें. तिचें दुःख तिनें आपल्या भाषेंत पुरेपूर सांगितलेलें असतें. कमी पडलेले असतात ते ऐकणाऱ्याचे कान.

वैद्यकाची पदवी मिळाल्यावर फॅनन दक्षिण फ्रान्समधील सें-आल्बां येथील मनोरुग्णालयांत फ्रांस्वा तोस्केल यांच्या हाताखालीं राहिले. तोस्केल हे स्पेनच्या यादवींतून पळून आलेले निर्वासित डॉक्टर. महायुद्धाच्या काळांत फ्रान्सच्या मनोरुग्णालयांतून हजारों रुग्ण उपासमारीनें दगावले. सें-आल्बांमध्यें मात्र रुग्ण, परिचारक आणि गांवकरी यांनीं मिळून शेती व देवघेव करून एकमेकांना जगविलें. तेथूनच एक नवी विचारसरणी पुढें आली. रोग्याला बरें करावयाचें असेल, तर आधीं रुग्णालयाचा आजार बरा केला पाहिजे, असें ती सांगे. चार भिंतींत माणसाला डांबून ठेवलें, त्याची घडी, पट्टा, नांव सारें काढून घेतलें, तर शहाणाही वेडा होईल. म्हणून रुग्णांच्या सभा भरवाव्या, त्यांचें वृत्तपत्र काढावें, नाटकें बसवावीं, कारखाने चालवावे, सण साजरे करावे. थोडक्यांत, रुग्णालयाचा एक जिताजागता समाज बनवावा. या रीतीला सामाजिक उपचार असें नांव पडलें. नोव्हेंबर १९५३ मध्यें अल्जेरियांतील ब्लिदा येथील मोठ्या मनोरुग्णालयांत मुख्य डॉक्टरांपैकीं एक म्हणून फॅनन रुजू झाले, ते ही विद्या बरोबर घेऊनच.

ब्लिदा हें अल्जीयर्स शहराच्या नैर्ऋत्येस, अॅटलस पर्वताच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. फ्रेंचांनीं अल्जेरिया १८३० पासून बळकावलेला होता. चांगल्या जमिनी युरोपियन वसाहतवाल्यांच्या हातीं गेल्या होत्या, आणि देशचा शेतकरी पुष्कळ ठिकाणीं त्यांच्याच शेतावर मजूर झाला होता. रुग्णालयांतही हीच वांटणी होती. युरोपियनांचे विभाग निराळे, मुसलमानांचे निराळे. अशी वांटणी आपल्याकडेही होऊन गेली आहे. रांचीस युरोपियनांसाठीं मनोरुग्णालय उघडलें तें १९१८ सालीं, आणि हिंदी रुग्णांसाठींचें निराळें उघडलें तें १९२५ सालीं.

या वांटणीच्या मागें एक शास्त्रही उभें करण्यांत आलें होतें. अल्जीयर्सचे प्राध्यापक आन्त्वान पोरो यांनीं १९१८ सालीं मुसलमानांच्या मनोविकारांवर एक निबंध लिहिला होता. देशी मनुष्य भोळसट, हट्टी, कुतूहलशून्य, क्षणांत भडकणारा. त्याच्या मनाची घडणच मागासलेली, असा त्या निबंधाचा आणि पोरो यांच्या शिष्यांच्या लेखनाचा सूर होता. पुढें हा सूर चढतच गेला. १९५३ सालीं, म्हणजे फॅनन ब्लिदाला आले त्याच वर्षीं, जागतिक आरोग्य संघटनेनें कॅरोथर्स नांवाच्या डॉक्टरांचें आफ्रिकी मनावरील एक पुस्तक प्रसिद्ध केलें. धडधाकट आफ्रिकी मनुष्य आणि मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया झालेला युरोपियन मनुष्य यांत साम्य आहे, असें त्या ग्रंथकर्त्याचें मत होतें. असल्या मताच्या वातावरणांत देशी रुग्णाशीं बोलत बसण्याची गरज कोणाला वाटणार?

फॅनन यांच्याकडे जे विभाग आले, त्यांत १६५ युरोपियन स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते. झाक आझूले या तरुण सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्यांनीं दोन्हीकडे एकदमच सामाजिक उपचार सुरू केले. कोणासही वगळावयाचें नाहीं, कोणास कमी लेखावयाचें नाहीं. जें स्त्रियांना तेंच पुरुषांना, हा त्यांचा निश्चय होता.

स्त्रियांच्या विभागांत थोड्याच आठवड्यांत पालट दिसूं लागला. सभांना गर्दी होऊं लागली. नाताळचा सण झाला, गाणीं झालीं, चित्रपट दाखविले गेले. शिवणकाम आणि विणकाम सुरू झालें. रुग्णालयाचें लहानसें वृत्तपत्र निघूं लागलें आणि स्त्रिया त्यांत लिहूं लागल्या. आरडाओरड कमी झाली. परिचारिकांनाही आपल्या कामांत गोडी वाटूं लागली.

पुरुषांच्या विभागांत तेंच सारें करून पाहिलें. संध्याकाळीं सभा बोलावली, तर माणसें येऊन बसत, परंतु बोलत नसत. डॉक्टर फ्रेंचमध्यें बोलत, परिचारक तें अरबींत सांगत, आणि पुन्हां सारें शांत. गाण्यांचा मेळा जमेना. नाटकाची तालीम उभी राहीना. टोपल्या विणण्याचा वर्ग काढला, तर हात चालेनात. वृत्तपत्रांत लिहिण्यास कोणी पुढें येईना. तीन महिने झाले, तरी सारें पूर्वीं होतें तेथेंच. भांडणें, मारामाऱ्या, बांधून घालणें चालूच होतें. जुने परिचारक मनांतल्या मनांत हंसत होते. डॉक्टर नवे आहेत. येथें वर्षानुवर्षें काढलीं, कीं या लोकांची जात त्यांनाही कळून येईल, असें त्यांचें म्हणणें.

या अपयशाचा अर्थ लावणें अगदीं सोपें होतें. पोरो यांचें शास्त्र तयारच होतें. एकच डॉक्टर, एकच रुग्णालय, एकच उपाय. एका विभागांत यश, दुसऱ्यांत अपयश. मग दोष रोग्यांच्या मनाच्या घडणीचाच, असें कोणीही म्हणालें असतें, आणि त्या म्हणण्याला आकड्यांचा आधारही दाखवितां आला असता. फॅनन यांच्यापुढें प्रश्न केवळ एका प्रयोगाचा नव्हता. तो प्रयोग फसला असें मान्य करून थांबावें, तर ज्या मताविरुद्ध झगडण्यासाठीं ते उभे होते, त्याच मताला त्यांनीं आपल्या हातानें पुरावा दिल्यासारखें झालें असतें.

तेव्हां त्यांनीं आणि आझूले यांनीं दोष रोग्यांत न शोधतां उपचारांत शोधावयास घेतला. १९५४ सालीं एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं हा सारा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत आपली चूक त्यांनीं स्पष्ट शब्दांत कबूल केली आहे. आपण सर्वांना समान लेखीत होतों, असें त्यांना वाटत होतें. प्रत्यक्षांत मात्र युरोपियन माणसाचें जिणें हेंच माणसाचें जिणें, असें गृहीत धरून इतरांनीं त्यांत येऊन बसावें, अशी अपेक्षा ते करीत होते. फ्रेंच सरकार अल्जेरियन प्रजेकडून जें मागत होतें, तेंच या सरकारचे विरोधक असलेले डॉक्टरही आपल्या रुग्णांकडून मागत होते.

मग एकेक गोष्ट त्यांनीं उलगडून पाहिली. सभेंत माणसें कां बोलत नव्हतीं? मध्यें दुभाषी होता म्हणून. अल्जेरियन शेतकऱ्याला दुभाषी भेटे तो कचेरींत किंवा न्यायालयांत. दुभाष्याच्या तोंडून प्रश्न आला, कीं तोंड मिटून घ्यावें, हें शहाणपण त्याला पिढ्यांनीं शिकविलें होतें. डॉक्टरांना चौकशी वाटत होती ममतेची; रोग्याला ती वाटत होती सरकारची.

सण कां जमला नाहीं? युरोपांत सभासदांनीं ठरवून एखादा समारंभ करावा, हें नित्याचें आहे. अल्जेरियन मुसलमानाचा सण ठरतो तो धर्मानें किंवा कुटुंबांतील मंगल कार्यानें. कोणीही ठरविलेल्या दिवशीं अनोळखी माणसांत बसून आनंद करा, असें सांगितलें, तर त्यानें तो करावा कसा? नाटक कां उभें राहिलें नाहीं? रंगभूमीवर चढून सोंग घेण्याची संवय त्या खेड्यांतल्या माणसांना नव्हती. त्यांच्याकडे गांवोगांव फिरणारा कथेकरी असे. आपल्याकडे हरिदासाभोंवतीं श्रोते जमतात, तशींच माणसें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून बसत आणि जुन्या वीरांच्या कथा ऐकत.

टोपल्यांच्या वर्गाचें कारण तर ऐकून हंसूं यावें इतकें साधें होतें. टोपल्या विणणें हें त्या मुलखांत बायकांचें काम. आयुष्यभर नांगर धरलेल्या प्रौढ माणसाला आजारी म्हणून आणावें, आणि वर बायकांचें काम हातीं द्यावें, म्हणजे त्याचा आजार बरा होण्याऐवजीं अपमानच वाढावयाचा. पण त्याच माणसाच्या हातांत फावडें किंवा कुदळ दिली, तर त्याला खणावयास सांगावें लागत नव्हतें. वृत्तपत्राचेंही तसेंच, लिहितांवाचतां येणारा मनुष्य त्या विभागांत क्वचितच होता.

कारणें कळल्यावर उपाय दूर नव्हते. रुग्णालयांत एक कहवाखाना उघडला. अल्जेरियन पुरुषाची खरी बैठक ती. तेथें तो कपभर कॉफी घेऊन बसतो, सोंगट्या खेळतो, ऐकतो आणि मनांत आलें तर बोलतो. बोलण्याची सक्ति कोणी करीत नाहीं, म्हणून तेथें बोलणें येतें. मुसलमानी सण त्यांच्या त्यांच्या दिवशीं होऊं लागले. नमाजासाठीं जागा झाली आणि धर्मगुरु येऊं लागले. कथेकऱ्याला बोलावणें गेलें. शेतीचें आणि बागेचें काम निघालें. चेंडू खेळण्याचें मैदान रुग्णांनींच खणून सारखें केलें. हळूहळू भाग घेणाऱ्यांची संख्या वाढूं लागली. जीं माणसें तीन महिने दगडासारखीं बसून होतीं, तीं कथा ऐकतांना पुढें सरकूं लागलीं.

येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. प्रत्येक जातीला, प्रत्येक धर्माला निराळा कप्पा करून द्यावा आणि मुसलमान आला कीं त्याला कॉफी पाजावी, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. फॅनन यांनीं केलें तें इतकेंच, कीं समोरचा मनुष्य कोठून आला, घरीं काय करीत होता, कोणाच्या शेजारीं बसत होता, हें आधीं विचारलें आणि मग उपाय योजला. कहवाखाना हें त्या चौकशीचें ब्लिदांतलें उत्तर होतें. दुसऱ्या गांवीं उत्तर दुसरें येईल. चौकशी मात्र चुकणार नाहीं.

ही चौकशी त्यांनीं पुढेंही चालू ठेवली. १९५६ सालीं फ्रांस्वा सांशे या सहकाऱ्यासह त्यांनीं वेडाकडे पाहण्याच्या देशी लोकांच्या दृष्टीवर एक टिपण लिहिलें. त्या लोकांची समजूत अशी, कीं वेड्याला जिनानें झपाटलेलें असतें. जें बोलतो, जें मारतो, तो जिन, मनुष्य निरपराध. मुलानें आईला शिवी दिली, हात उगारला, तरी आई मुलाला दोष देत नाहीं. तिचा मुलगा असें कधींच करणार नाहीं, हें तिला ठाऊक असतें. मनुष्य बरा झाला, कीं घडलेलें सर्व उघडपणें बोललें जातें, आणि त्याच्याकडे पुन्हां संशयानें कोणी पाहत नाहीं. जिनाची कल्पना शास्त्राला मान्य होण्याजोगी नाहीं, आणि फॅनन यांनीं आपलीं औषधें सोडून मांत्रिकाचा मार्ग धरला नाहीं. परंतु आजाऱ्याला आजारापासून वेगळा ओळखण्याची जी माया त्या आईजवळ होती, ती सुधारलेल्या समाजाजवळही क्वचितच असते, हें त्यांनीं ध्यानांत आणून दिलें. आपल्याकडील किती सुशिक्षित घरें बरा होऊन परतलेल्या मुलाचा आजार सोयरिकीच्या वेळीं लपवितात, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला, आणि तो सर्वांत बोलका आहे. मनाची परीक्षा करण्याची एक प्रसिद्ध चित्रमालिका आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनीं १९३५ च्या सुमारास ती तयार केली. रोग्यापुढें एकेक चित्र ठेवावें, यावरून गोष्ट सांग म्हणावें, आणि त्या गोष्टींतून त्याच्या मनांतले भाव ओळखावे, अशी तिची रीत. एका चित्रांत व्हायोलिनसमोर विचारांत पडलेला मुलगा आहे. इतर चित्रांतली माणसें, कपडे, घरें, सामान सारें पाश्चात्य वळणाचें. फॅनन आणि त्यांचे सहकारी शार्ल जेरोनिमी यांनीं हीं चित्रें मुसलमान रुग्ण स्त्रियांपुढें ठेवलीं. गोष्ट येईना. स्त्रिया चित्रांतली एकेक वस्तु ओळखण्याचा प्रयत्न करीत, हें काय असेल, तें काय असेल, म्हणून चांचपडत, आणि थांबत. पुस्तकाप्रमाणें निष्कर्ष काढावयाचा, तर या स्त्रियांना कल्पनाशक्ति नाहीं, असाच काढावा लागला असता.

त्या मालिकेंत एक पत्र अगदीं कोरें असतें. त्यावर चित्र नाहीं, रेघ नाहीं, कांहीं नाहीं. तें कोरें पत्र हातीं आलें, आणि त्याच स्त्रियांच्या तोंडून भरभरून गोष्टी येऊं लागल्या. दुसऱ्याचीं घरें आणि दुसऱ्याचीं माणसें समोरून दूर झालीं, तेव्हां त्यांचें आपलें जग त्या पांढऱ्या कागदावर मावेनासें झालें. हा निबंध १९५६ सालीं फ्रान्समध्यें बोर्दो येथील परिषदेंत वाचण्यांत आला. परीक्षा रोग्याची चालली होती. नापास झाली ती प्रश्नपत्रिका.

इतकें साधूनही ब्लिदाचा प्रयोग फार काळ चालूं शकला नाहीं. १ नोव्हेंबर १९५४ रोजीं अल्जेरियाचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. रुग्णालयाच्या दारांतून आतां युद्धाचे रुग्ण येऊं लागले. छळ सोसलेले कैदी येत, आणि छळ करणारे पोलीसही येत. रात्रीं किंकाळ्या ऐकूं येतात, झोंप लागत नाहीं, म्हणून. फॅनन यांनीं दोघांनाही तपासलें. त्यांच्या १९६१ सालच्या शेवटच्या पुस्तकांत असा एक प्रसंग नोंदलेला आहे. उपचारासाठीं आलेला एक पोलीस रुग्णालयाच्या आवारांत एका आजारी अल्जेरियनासमोर अचानक आला आणि थरथर कांपत एका झाडाला टेंकून उभा राहिला. त्या रोग्याला त्यानेंच कोठडींत छळलें होतें. इकडे तो रोगी नाहींसा झाला. शोधतां शोधतां तो शौचकूपांत सांपडला, आत्महत्येच्या प्रयत्नांत. पोलीस आपल्याला परत नेण्यासाठीं आला, अशी त्याची समजूत झाली होती.

एकाच छपराखालीं हे दोघे रोगी. दोघांवरही उपचार केले पाहिजेत, हा वैद्याचा धर्म. आणि तो पाळतांना वैद्याच्या विद्येची सीमाही तेथेंच दिसते. १९५६ सालाच्या अखेरीस फॅनन यांनीं राजीनामा दिला. माणसाला आपल्या जगांत परकें वाटूं नये, यासाठीं मनोवैद्यक आहे. पण ज्या देशांत देशच्याच माणसाला कायद्यानें परकें करून ठेवलें आहे, तेथें एकेका रोग्याला बरें करून काय साधणार, असा त्या राजीनाम्याचा आशय होता. जानेवारी १९५७ मध्यें सरकारनें त्यांना देशाबाहेर काढलें.

तेथून ते ट्युनिसला गेले. तेथील इस्पितळांत त्यांनीं दिवसाचें मनोरुग्णालय चालविलें. रोग्यानें सकाळीं यावें, उपचार घ्यावे, आणि संध्याकाळीं आपल्या घरीं जावें. ब्लिदाला त्यांनीं रुग्णालयांत गांव वसविण्याचा प्रयत्न केला होता. आतां रोग्याला त्याच्या खऱ्या गांवांतून उठवावेंच कां, या प्रश्नाकडे ते आले होते. घरचीं भांडणें, शेजार, कामधंदा यांतच रोग उपजतो. तेव्हां त्यांतच राहून तो बरा व्हावा, हें त्यांना अधिक रास्त वाटलें. पण आयुष्य थोडें होतें. रक्ताच्या कर्करोगानें ६ डिसेंबर १९६१ रोजीं अमेरिकेंत त्यांचें निधन झालें. वय अवघें ३६. अल्जेरिया स्वतंत्र झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. तो दिवस जुलै १९६२ मध्यें उगवला. ब्लिदाच्या त्या रुग्णालयाला पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

फॅनन यांच्या कामांत उणीवा नव्हत्या, असें म्हणतां येणार नाहीं. ज्या भाषेचें महत्त्व त्यांनीं ओळखलें, ती अरबी भाषा त्यांना स्वतःला चांगलीशी अवगत झाली नाहीं. दुभाष्याचें साहाय्य घ्यावेंच लागे. विजेचे झटके आणि इन्सुलिन हे त्या काळचे कठोर उपायही ते वापरीत. त्यांच्या राजकीय लेखनांतील हिंसेचें समर्थन पुष्कळांना आजही मान्य नाहीं. परंतु ब्लिदाच्या त्या तीन महिन्यांची किंमत या उणीवांनीं कमी होत नाहीं.

आज आपल्या शहरांतूनही मनाच्या आजारासाठीं डॉक्टरांकडे जाणाऱ्यांची लाज थोडी कमी होत आहे, ही चांगली गोष्ट. त्यांच्यापुढें येऊन बसणारीं माणसें नाना तऱ्हेचीं असतात. कोणी डोंगरांतून आलेला, कोणी दुसऱ्या प्रांतांतला मजूर, कोणी बहिरा, कोणी दुसऱ्या धर्माची सून, कोणी आपला प्रेमभाव चारचौघांत सांगूं न शकणारा तरुण. त्यांतला एखादा गप्प बसला, कीं हा सहकार्य करीत नाहीं, असा शेरा मारणें सोपें आहे. घरांतही तेंच होतें. आजारी माणूस बोलत नाहीं म्हणून आपण त्याला हट्टी म्हणतों, आणि त्याच्या हातीं आपल्या पसंतीची टोपली देऊन ती विण म्हणून बसतों.

अशा वेळीं ब्लिदाच्या त्या २२० माणसांची आठवण ठेवावी. तीं मुकीं नव्हतीं. त्यांना कोणीं तरी त्यांच्या बैठकीवर जाऊन बसण्याची वाट पाहावी लागली, इतकेंच. कथेकरी आला, कॉफीचा वास सुटला, हातांत फावडें आलें, आणि मग एकेक जण बोलूं लागला.